पडद्यावरचा आकांत

संगणकाच्या पडद्यावर अचानक उगवून ‘तुमच्या यंत्रात व्हायरस शिरला आहे’ असे बजावणाऱ्या सूचनांचा गांभीर्याने अभ्यास करू पाहणाऱ्यास आरंभीच एक गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की या प्रकारात तंत्रज्ञान नाममात्र असून नाट्य मात्र भरपूर आहे. पार्श्वभूमी निळी किंवा लालभडक, उद्गारचिन्हे एकाच्या जागी तीन, मागे सतत वाजणारा भोंगा आणि त्या भोंग्यावर मात करत एकसुरी यांत्रिक इंग्रजीत ‘संगणक बंद करू नका’ अशी आज्ञावजा विनवणी करणारी एक अदृश्य बाई, एवढ्या भांडवलावर हा प्रयोग उभा राहतो. पडद्याच्या मधोमध एक फोन नंबर ठळकपणे दिलेला असतो आणि बाकीचे सारे नेपथ्य त्या नंबरासाठीच रचलेले असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीही नसतो, असे त्या कंपनीने वारंवार जाहीर केले आहे. तेव्हा सूचनेत नंबर दिसला की ती खोटी, इतकी सोपी कसोटी उपलब्ध असताना या विषयावर आणखी काही लिहिण्याचे कारण उरू नये. तथापि भोंगा वाजत असताना कसोट्या आठवत नाहीत, आणि नेमक्या याच मानवी उणिवेवर हा धंदा चालतो.

पॉप-अप म्हणजे मूळ पानाच्या वर स्वतंत्रपणे उघडणारी छोटी खिडकी. तिचा जन्म वास्तविक अत्यंत सभ्य हेतूने झाला. १९९०च्या दशकात ट्रायपॉड या अमेरिकी संकेतस्थळावर एका मोटार कंपनीची जाहिरात नेमकी अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तेव्हा जाहिरातीचा त्या पानाशी काही संबंध नाही असे दिसावे, म्हणून ती वेगळ्या खिडकीत उघडण्याची युक्ती तिथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी कोडमध्ये उतरवली. पुढे २०१४ साली ‘द अटलांटिक’मधील लेखात त्यांनी या कृत्याबद्दल जगाची जाहीर माफी मागितली. मोटारीची अब्रू वाचवण्यासाठी काढलेल्या त्या खिडकीतून पुढे कोण कोण आत आले, याचा हिशेब पाहता माफी फारशी अवाजवी वाटत नाही.

खोट्या सूचनेचा मजकूर बारकाईने वाचण्याजोगा असतो, परंतु ज्याच्यासाठी तो लिहिलेला असतो तो गृहस्थ नेमका त्याच वेळी बारकाईने वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो. तुमचे फेसबुकचे लॉग-इन, क्रेडिट कार्डाचा तपशील, ईमेलचा पासवर्ड आणि ‘या संगणकात साठवलेले फोटो’ या घटकेला चोरीला जात आहेत, असे त्यात लिहिलेले असते. चोरी चालू असताना चोरीच्या मालाची यादी घरमालकाला वाचून दाखवण्याचा हा शिष्टाचार अन्य कोणत्याही चौर्यप्रकारात आढळत नाही. यादीखाली ‘२६८डी३’ यांसारखा एखादा एरर कोड असतो, ज्याचे काम केवळ कोडसारखे दिसणे एवढेच असते. काही सूचनांत तर व्हायरसच्या नावाआधी ‘पॉर्नोग्राफिक’ असे विशेषण लावलेले असते आणि हे विशेषण लावणाऱ्याची मानसशास्त्रातली गती वाखाणण्याजोगी म्हटली पाहिजे, कारण ते वाचल्यावर घरातील ज्येष्ठ पुरुष मुलाला हाक मारत नाही, सूनबाईला तर मुळीच नाही, उलट दार लोटून घेऊन स्वतःच त्या नंबरावर फोन लावतो. ज्या एका हाकेने सगळे प्रकरण अर्ध्या मिनिटात मिटले असते, ती हाक त्या एका विशेषणाने बंद पाडलेली असते.

यानंतर येतो आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला मिळणारा क्रमांक, आणि त्याच्या शेजारी गावाचे नाव. आपला क्रमांक आणि आपले गाव हॅकरला ठाऊक आहे हे पाहून माणसाच्या पोटात गोळा येतो. वस्तुतः उघडलेल्या प्रत्येक संकेतस्थळाला हा क्रमांक कळतोच, कारण तो कळल्याशिवाय पान कुठे पाठवायचे हेच त्याला समजणार नाही. गावाचे नाव त्या क्रमांकावरून अंदाजाने काढलेले असते आणि पुष्कळदा ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या केंद्राचे निघते, त्यामुळे साताऱ्यात चहा पीत बसलेल्या गृहस्थाला हॅकरने पुण्यात गाठलेले असते. त्याच वेळी पडद्यावर तपासणीची एक पट्टी भराभर पुढे सरकते, सी ड्राइव्हमधील फायलींची नावे धावू लागतात आणि अखेरीस लाल आकड्यात व्हायरसांची संख्या जाहीर होते. ही तपासणी म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले चलच्चित्र असते. ब्राउझर कोणत्याही पानाला सँडबॉक्स नावाच्या कुंपणात ठेवतो आणि त्या कुंपणातून संगणकाची हार्ड डिस्क चाळता येत नाही. हेच चलच्चित्र अँड्रॉइड फोनवर उघडले तरी तितक्याच तत्परतेने सी ड्राइव्ह तपासते, जो त्या फोनमध्ये नसतोच, आणि ॲपलच्या लॅपटॉपवर विंडोजचा परवाना संपल्याबद्दल खेद व्यक्त करते.

ही खिडकी लवकर बंद होत नाही, हा मात्र तिच्या बाजूचा खरा पुरावा वाटतो आणि भल्याभल्यांचा धीर इथेच सुटतो. वास्तविक ब्राउझरच्याच सोयींचा हा उलटा वापर आहे. पान पूर्ण पडदा व्यापते, मायक्रोसॉफ्टचे नाव असलेला खोटा ॲड्रेस बार चित्र म्हणून वर रंगवते, खरा कर्सर लपवते आणि एक संदेश बंद करताच दुसरा उघडते. २०१८च्या सुमारास तर असा प्रकार आढळला होता की कर्सर फुलीवर दिसे आणि क्लिक भलतीकडेच लागे, त्यामुळे माणूस फुलीवर दाबून दाबून थके आणि स्वतःच्या बोटांवर संशय घेऊ लागे. यावरचे उपाय इतके नीरस आहेत की सूचनेच्या भव्यतेपुढे ते सांगताना संकोच वाटावा. एस्केप हे बटण काही सेकंद दाबून धरले की पूर्ण पडदा सुटतो आणि मग टॅब बंद करता येतो. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करावे. पुढच्या वेळी ब्राउझर उघडताना ‘आधीची पाने परत आणू का’ असे तो भाबडेपणाने विचारतो, त्याला नाही म्हणावे, अन्यथा बाई पुन्हा बोलू लागतात. यातले काहीच जमले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक सरळ बंद करावा. सूचनेत जी एकच गोष्ट करू नका असे परोपरीने सांगितलेले असते, ती केल्याने खेळ संपतो, यातच त्या विनवणीचे रहस्य आहे.

परंतु नंबर फिरवला गेला तर प्रयोगाचा दुसरा अंक सुरू होतो. पलीकडचा माणूस अत्यंत आदबीने बोलतो, स्वतःला ‘सर्टिफाइड टेक्निशियन’ म्हणवतो आणि एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे दूरवरून संगणक चालवण्याचे ॲप उतरवून घ्यायला सांगतो. ही ॲप्स स्वतः निर्दोष आहेत. अनेक कार्यालयांचे आयटीवाले दिवसभर त्यांवरच ‘रिमोट घेत’ असतात. रिमोट मिळताच तो इव्हेंट व्ह्यूअर उघडतो. विंडोजमध्ये घडणाऱ्या प्रत्येक बारीकसारीक घटनेची नोंद ठेवणारे हे दप्तर आहे आणि धडधाकट संगणकातही त्यात पिवळे त्रिकोण व लाल गोल शेकड्यांनी सापडतात, कारण एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे तक्रार लिहिली जाते. पत्रिका पुढ्यात येताच ज्योतिष्याला जसा कुठे ना कुठे मंगळ किंवा शनी खटकतोच, तसे इथेही कुणाची कुंडली निर्दोष निघत नाही. ‘ही एरर डिलीट करून बघा बरं,’ असे तो सुचवतो, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एकेक नोंद पुसण्याची सोयच नसल्याने ती पुसली जात नाही. व्हायरस किती चिवट आहे याचे याहून सबळ प्रमाण ते काय?

या कलेतील सर्वांत देखणा डाव मात्र ‘असोक’ या आज्ञेचा आहे. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडावी याची यादी दाखवणारी ही जुनी, निरुपद्रवी आज्ञा आहे आणि तिच्या यादीच्या शेवटाकडे ‘८८८डीसीए६०’ या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक येतो. हा क्रमांक विंडोजच्या एका अंतर्गत घटकाची ओळख असून तो जगातील प्रत्येक विंडोज संगणकावर अक्षरशः एकसारखा असतो. टेक्निशियन आधी स्वतः तो क्रमांक फोनवर वाचून दाखवतो, ‘ट्रिपल एट, डी, सी, ए, सिक्स, झीरो’, आणि मग गृहस्थांना पडद्यावर पडताळून पाहायला सांगतो. अक्षर न् अक्षर जुळते. आपल्याच संगणकाचा गुप्त परवाना क्रमांक या माणसाकडे आहे, त्या अर्थी तो कंपनीचाच असला पाहिजे, असा निष्कर्ष निघतो आणि तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक फक्त गृहीतकात असते. याच्या तुलनेत ‘नेटस्टॅट’चा डाव ढोबळ म्हणावा लागेल: त्या आज्ञेने चालू जोडण्यांची यादी दिसते, तिच्यात पलीकडच्या टोकासाठी ‘फॉरेन ॲड्रेस’ असा स्तंभ असतो, आणि त्यातले ‘फॉरेन’ दाखवून परकीय हॅकर घरात शिरल्याचे सांगितले जाते. ‘ट्री’ ही आज्ञा तर केवळ फोल्डरांची नावे पडद्यावर पळवते. ती धावत असताना टेक्निशियन स्वतः ‘व्हायरस फाउंड’ असे टंकतो, यादी थांबल्यावर ती अक्षरे तळाशी उमटतात, आणि संगणकाने आपणहून कबुलीजबाब दिल्यासारखे दिसते.

या दुसऱ्या अंकाची शास्त्रीय नोंदही झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० अशा टेक्निशियनांना मुद्दाम फोन करून, खास या कामासाठी तयार केलेल्या आभासी संगणकांचा ताबा त्यांना दिला आणि त्यांचे सर्व डाव टिपून २०१७ साली प्रसिद्ध केले. दुरुस्तीसाठी मागितलेली सरासरी रक्कम सुमारे २९० डॉलर निघाली, आणि ज्या यंत्रांत काहीही बिघडलेले नव्हते त्यांची ती दुरुस्ती होती. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात या प्रकारच्या फसवणुकीच्या नोंदवल्या गेलेल्या तक्रारींतील नुकसान ९२ कोटी डॉलरांहून अधिक होते. फोन उचलणाऱ्यांपैकी बहुसंख्य भारतात बसलेले असतात, हेही त्या संशोधनात दिसून आले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने अंशतः मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून केलेल्या कारवाईत देशभर ७६ ठिकाणी छापे घातले. महाराष्ट्राने या क्षेत्रात मागे राहू नये म्हणूनच की काय, ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले होते. तिथला मामला व्हायरसचा नव्हता, अमेरिकी आयकर खात्याचे अधिकारी बनून अमेरिकी नागरिकांना अटकेचा धाक घालण्याचा होता. परंतु घराणे तेच. समोरच्याला घाबरवायचे, फोन ठेवू द्यायचा नाही आणि पैसे गिफ्ट कार्डांच्या रूपाने घ्यायचे, ही त्रिसूत्री दोन्हीकडे समान आहे. आयकर खाते दंड म्हणून आयट्यून्सची कार्डे का स्वीकारील, हा प्रश्न कुणाला पडला नसेल असे नाही, मात्र तो पडेपर्यंत कार्डांचे क्रमांक वाचून झालेले असत.

असल्या उद्योगात केवळ निनावी मंडळीच असतात असा समज होऊ नये. ऑफिस डेपो या अमेरिकेतील नामांकित दुकानसाखळीत ग्राहकांच्या संगणकाची ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होत असे. तपासणीपूर्वी ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात: संगणक मंदावतो का, पॉप-अप येतात का, असे काहीसे, आणि त्यांपैकी एकावर जरी खूण केली तरी तपासणीचा निकाल, यंत्रात काहीही असो वा नसो, ‘मालवेअरची लक्षणे आढळली’ असाच येई, असा तेथील फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. २०१९ साली ऑफिस डेपो आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी या दोघींनी मिळून ३.५ कोटी डॉलर देऊन हे प्रकरण मिटवले. रुग्णाला ‘डोके दुखते का’ विचारायचे आणि तो हो म्हणाला की तेच निदान म्हणून लिहून द्यायचे, एवढ्या साध्या तत्त्वावर ही प्रणाली उभी होती.

इथवर जे वर्णन झाले त्यात यंत्र सर्वस्वी निरोगी असते. खरा आजार वेगळा आहे आणि तो आवाज करत नाही. ॲडवेअर म्हणजे वापरणाऱ्याच्या नकळत, किंवा बहुधा त्याच्या अर्धवट संमतीने, संगणकात बिऱ्हाड करून जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर. त्याचा पूर्वेतिहास रंजक आहे. १९९९च्या सुमारास ‘बोन्झीबडी’ नावाचे एक जांभळे माकड पडद्यावर येऊन विनोद सांगे, गाणी म्हणे आणि त्या मोबदल्यात जाहिराती दाखवी व मुलांची माहिती गोळा करी. या शेवटच्या उद्योगाबद्दल त्याच्या कंपनीला २००४ साली ७५ हजार डॉलर दंड भरावा लागला. माकड निदान दिसत तरी होते. पुढे टूलबारांचे युग आले, ज्यात जावासारखे आवश्यक सॉफ्टवेअर उतरवताना ‘आस्क टूलबारही घ्या’ या वाक्यापुढील चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असे, आणि नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करत जाणाऱ्या माणसाच्या ब्राउझरचा वरचा अर्धा भाग काही महिन्यांत टूलबारांच्या थरांनी व्यापून टाकलेला असे. संमती घेतली नाही असे म्हणण्याची सोय नव्हती. ती तर माणसाने तीनदा दिलेली असे.

या परंपरेचा कळस फेब्रुवारी २०१५ मध्ये उघडकीस आला. लेनोवोच्या काही नव्याकोऱ्या लॅपटॉपांत कारखान्यातूनच सुपरफिश नावाचे ॲडवेअर बसवलेले निघाले. बँकेसारखी सुरक्षित संकेतस्थळे खरी आहेत की नाहीत हे संगणक रूट सर्टिफिकेट नावाच्या डिजिटल दाखल्यांवरून ठरवतो. सुपरफिशने स्वतःचाच असा दाखला यंत्रात घुसवला होता, जेणेकरून सुरक्षित पानांतही मधल्या मध्ये जाहिराती खोवता याव्यात. त्या दाखल्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपांत एकच होती आणि तिचा पासवर्ड एका सुरक्षा संशोधकाने काही तासांत शोधून काढला: ‘कोमोडिया’, म्हणजे सुरक्षित पानांत शिरण्याचा घटक सुपरफिशसाठी बनवणाऱ्या कंपनीचे नाव. प्रोग्रॅम काढून टाकला तरी दाखला मागे राहत असे, म्हणून तो वेगळा उपटावा लागे. नव्या वस्तूचे प्लास्टिक काढण्यापूर्वीच तिला झालेला हा आजार होता आणि ग्राहकाने त्यासाठी पूर्ण किंमत मोजलेली होती.

आज ॲडवेअरचे प्रचलित रूप याहूनही सौम्य आहे. एखादा सिनेमा फुकट पाहण्याच्या किंवा एखादी पीडीएफ उतरवण्याच्या खटपटीत माणूस अशा पानावर पोहोचतो जिथे ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे लिहिलेले असते. तो दाबतो. त्या क्षणी त्याने स्वतःचे मनुष्यत्व सिद्ध केलेले नसते, तर त्या संकेतस्थळाला आपल्या पडद्यावर नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी दिलेली असते, आणि त्यानंतर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी मॅकॲफीचा परवाना संपल्याची, तीन व्हायरस सापडल्याची किंवा शेजारच्या एखाद्या एकाकी तरुणीला बोलायचे असल्याची वार्ता येऊ लागते. अँटिव्हायरसने तपासले तर काही सापडत नाही, कारण सापडण्यासारखे काही नसतेच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडले की परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची नावे दिसतात, आणि त्यांतील अनोळखी नावे काढताच शेजारची तरुणी कायमची गप्प होते.

याहून खोलवर गेलेल्या ॲडवेअरसाठी जागा ठरलेल्या आहेत. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनांच्या यादीत कूपन शोधून देणारे, पीडीएफ बदलून देणारे किंवा हवामान सांगणारे एखादे अनाहूत नाव बसलेले असते. मुख्य सर्च इंजिन गुपचूप बदललेले असते. आणि विंडोजच्या इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावली की त्रास सुरू झाला त्याच दिवशी आलेले पाहुणे शेजारी शेजारी उभे दिसतात. ते हाताने काढावेत आणि नंतर मालवेअरबाइट्सच्या ॲडडब्ल्यूक्लीनरसारखे मोफत साधन एकदा फिरवावे, मात्र ते त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावे, कारण ॲडवेअर काढण्याचे साधन शोधणारा माणूस हे ॲडवेअरचे सर्वांत आवडते गिऱ्हाईक असते. रिमोट दिला गेला असेल तर इंटरनेट तोडणे, ते ॲप काढणे आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलणे क्रमप्राप्त आहे. पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनला तात्काळ कळवावे, कारण तासाभरातल्या तक्रारीत रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता बरीच अधिक असते.

महाराष्ट्रात मात्र या सर्व विवेचनाला बगल देणारा एक सर्वमान्य उपाय प्रचलित आहे आणि तो म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’. सोसायटीतील ज्याला कॉम्प्युटरमधले कळते असा मुलगा येतो, खुर्चीत बसण्यापूर्वीच निदान करतो, आणि एका चुकीच्या ‘अलाऊ’पायी लग्नाचे फोटो, पीएफचे कागद आणि टॅलीचा डेटा एका पेन ड्राइव्हच्या भरवशावर सोडून संपूर्ण विंडोज नव्याने टाकली जाते. संध्याकाळी संगणक आरशासारखा स्वच्छ होऊन परत मिळतो. गृहस्थ समाधानाने क्रोम उघडतात, जुन्याच गूगल खात्याने लॉग-इन करतात, आणि खात्याशी जोडलेली सिंक नावाची सोय त्यांच्या बुकमार्कांबरोबर, पासवर्डांबरोबर ते कूपनवाले एक्स्टेन्शनही सर्व्हरवरून काळजीपूर्वक उतरवून पूर्वीच्याच जागी बसवून देते.